जंत: आढळले

“आणि अवस्था कुठे लिहायची?” अळीबाईंनी विचारलं.

पडद्यावर बाण फिरवणारे साहेब थांबले. ते मुख्य कार्यालयातून आले होते. इस्पितळाच्या नव्या कॉम्प्युटरात आजारांची, तपासण्यांची आणि निष्कर्षांची जी भलीमोठी यादी बसवली होती, ती त्यांच्या हाताखाली तयार झाली होती. त्यामुळे दोन दिवसांच्या प्रशिक्षणातच सगळे त्यांना यादीवाले साहेब म्हणू लागले होते.

“कसली अवस्था?”

“किड्याची. अंडं दिसलं, अळी दिसली की पूर्ण वाढलेला किडा दिसला. इथे तर नुसतं ‘जंत: आढळले’ आणि ‘जंत: आढळले नाहीत’ एवढंच दिसतंय.”

साहेब हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता. हुशार माणूस आपल्याला आधीच सुचलेला प्रश्न ऐकून हसतो, तसं ते हसू होतं. “मॅडम, अंड्यातून अळी येते, अळीचा किडा होतो. प्राणी एकच ना? जुन्या यादीत एकेका प्राण्याच्या चार-चार नोंदी होत्या. परजीवींच्याच तीनशे बारा. आम्ही सगळी पुनरुक्ती काढली. आता एकोणचाळीस आहेत.”

“बरं झालं बुवा,” मागच्या रांगेतून रक्तपेढीचा माणूस म्हणाला. “शोधायला सोपं.”

“फुलपाखरू आणि अळी हाही एकच प्राणी,” अळीबाई म्हणाल्या. “पण पान कोण खातं?”

खोलीत हशा पिकला. साहेबही त्यात सामील झाले. “मुद्दा छान आहे. त्यासाठी शेऱ्याचा रकाना ठेवलाय. चाळीस अक्षरं मावतात. तिथे लिहा हवं ते.” आणि बाण पुढे सरकला.

अळीबाईंना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर फारसं कुणी वापरत नसे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत त्यांनी एकोणतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. लघवी, शौच, थुंकी, म्हणजे जे पाहून इतर लोक नाक मुरडतात, ते सगळं त्यांच्याकडे येई. दरवर्षी नव्या डॉक्टरांची तुकडी आली की इस्पितळाचे प्रमुख, मोठे सर, त्यांना तासभर या खोलीत पाठवत. अळीबाई त्यांना एकेक काचपट्टी दाखवून विचारत, “ही कुठल्या अवस्थेतली?” उत्तर चुकलं की पुन्हा बघायला लावत. टोपणनाव त्या तुकड्यांनीच ठेवलं होतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला होता. पुढे फोन उचलून त्या स्वतःच “अळीबाई बोलतेय” म्हणू लागल्या.

यादीबरोबर एक परिपत्रकही आलं. यापुढे कोणताही निष्कर्ष तोंडी अथवा फोनवरून कळवू नये. सर्व निष्कर्ष प्रणालीतूनच जातील. कारण दिलं होतं, तोंडी निरोपात चुका होतात. हे खोटं नव्हतं. अळीबाईंनी परिपत्रकावर सही केली.

घरी त्यांनी नवऱ्याला ही गोष्ट सांगितली. तो आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होता. निवृत्त झाला तरी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही हातात पेन्सिल घेऊन वाचायचा.

“चाळीस अक्षरं म्हणजे नक्की काय?” त्यानं विचारलं. “काना-मात्रा धरून की सोडून?”

“धरून. वेलांटी टाकली तरी एक कमी होतं. मी बघितलं करून.”

“म्हणजे यादी करणाऱ्यानं मराठीत कधी काही लिहिलेलं नाही,” तो म्हणाला, आणि शांतपणे पुन्हा वर्तमानपत्रातल्या चुकांकडे वळला.

नवी यादी लागून पाच आठवडे झाले असतील. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी एक उंच, वाळका माणूस उभा राहिला. चप्पल त्यानं दाराबाहेर काढून ठेवली होती. एका हातात नमुन्याची डबी, दुसरा हात भिंतीला टेकलेला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

“ताई, हे इथेच द्यायचं का?”

“इथेच. तुम्ही वॉर्डातले ना? खाली कशाला आलात? पाठवून द्यायचं होतं.”

“सिस्टरबाई कामात होत्या. म्हटलं, आपलंच आहे, आपणच नेऊ. आत्ताच केलंय, ताजं आहे.”

तो सरकारी रोपवाटिकेतला माळी होता. दमा म्हणून आदल्या दिवशी दाखल झाला होता. अळीबाईंनी डबीवर वेळ टाकली आणि त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली. टाचांना भेगा, नखांत माती. दवाखान्यात यायचं म्हणून घासूनही न गेलेली.

“अनवाणी काम करता, काका?”

“तीस वर्षं. वाफ्यात चपलेनं रोप तुडवलं जातं. पायाला कळतं कुठे काय उगवलंय ते.”

“कमरेवर, मांडीवर कधी खाज येते? लाल रेघ उठते, अन् बघता बघता पुढे सरकते?”

माळी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिला. “येते, जाते. बरीच वर्षं आहे. मुलगी म्हणते उन्हाचं असेल. तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज,” त्या म्हणाल्या. “वर जा आता, हळूहळू जा. लिफ्टनं जा.”

तो गेल्या गेल्या त्यांनी काचपट्टी लावली. एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. पहिल्याच फेरीत ती दिसली. अळी. वळवळत होती, बाजूचा कचरा ढकलत होती. तोंडाचा भाग आखूड. दुसरी दिसली, तिसरी दिसली. अंडं एकही नाही. नेहमीच्या जंतांची अंडी शिळ्या नमुन्यात फुटतात आणि मग अळ्या दिसतात, पण हा नमुना अर्ध्या तासाचाही नव्हता. म्हणजे ही नेहमीच्या जंतांची नव्हे, एका दुसऱ्याच किड्याची पिल्लावळ. हा मातीतून तळपायात शिरतो आणि मग माणसाच्या आतच पिढ्यान् पिढ्या संसार मांडतो. वर्षानुवर्षं गप्प असतो. पण त्या माणसाला स्टेरॉइड दिलं, की शरीराचा पहारा उठतो आणि एरवी बाहेर मातीत जाऊन वाढणारी अळी आतच मोठी होते. आतड्याला भोक पाडते, फुप्फुसात जाते, वाट फुटेल तिथे जाते.

आणि दम्याचा जोर असलेल्या माणसाला वॉर्डात पहिल्यांदा स्टेरॉइडच देतात.

जुन्या यादीत या एका अळीला स्वतःची नोंद होती. ती निवडली की वॉर्डातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटायची. आता त्यांनी ‘आढळले’वर बोट दाबलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा मावलं: “ताज्या मलात जिवंत अळ्या, स्टेरॉइड नको.” दोन अक्षरं उरली.

तरी जिवाला चैन पडेना, म्हणून त्यांनी परिपत्रक बाजूला ठेवून वॉर्डात फोन केला.

“सिस्टर, अळीबाई बोलतेय. कालचे दम्याचे माळीकाका आहेत ना...”

“ताई, तोंडी रिपोर्ट घेऊ नका म्हणून मुख्य कार्यालयाचं पत्र आहे. माझ्यासमोर भिंतीवर चिकटवलंय. तुम्ही टाकलंय ना कॉम्प्युटरवर?”

“टाकलंय. शेराही लिहिलाय. डॉक्टरांना शेरा वाचायला सांगा.”

“सांगते. बघतीलच ते.”

अळीबाईंनी फोन ठेवला. खिडकीशी अकरा डब्या वाट बघत होत्या. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. त्या जिन्यापर्यंत गेल्या, आणि परत फिरल्या.

चौथ्या दिवशी दुपारी थुंकीचा एक नमुना आला. वर माळ्याचं नाव आणि वॉर्डाचा आकडा. डॉक्टरांनी क्षय शोधायला पाठवला होता. अळीबाईंनी आधी नुसताच एक थेंब घेऊन भिंगाखाली धरला. थुंकीत अळी असायचं कारण नसतं. असलीच तर अर्थ एकच. ती होती. पण ही आधीची आखूड तोंडाची नव्हती. लांब, सडपातळ, घशाची नळी अर्ध्या अंगापर्यंत गेलेली, आणि शेपटीच्या टोकाला खाच. मोठी झालेली. शिरकाव करणारी. ही मातीत सापडायला हवी होती. माणसाच्या छातीतून आली होती.

या वेळी त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. चोपन्न वर्षांच्या गुडघ्यांनी त्या तिन्ही मजले चढल्या. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच त्यांच्या खोलीत तासभर काचपट्ट्या पाहिल्या होत्या.

“काकांना स्टेरॉइड चालू आहे?” त्यांना धाप लागली होती.

“हो, पहिल्या दिवसापासून. पण फरक पडत नाही, उलट श्वास वाढलाय. एक्स-रेही बिघडलाय. का?”

“का म्हणजे? मी लिहिलं होतं देऊ नका म्हणून.”

“कुठे लिहिलं होतं? जंत आढळले एवढाच रिपोर्ट होता. त्याची गोळी दिली आम्ही. जंताची नेहमीची, एक.”

“शेरा वाचला नाहीत?”

“कुठला शेरा?”

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. माळ्याचं नाव, वय, तारीख. खाली एक ओळ. जंत: आढळले. त्याच्याखाली पांढरी जागा. अळीबाईंनी स्वतः बाण वरखाली फिरवला. शेरा नावाचा रकानाच तिथे नव्हता. तो फक्त प्रयोगशाळेच्या पडद्यावर होता. पाच आठवडे त्या जे लिहीत होत्या, ते त्या एकट्याच वाचत होत्या.

“थुंकीत अळ्या आहेत,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. “खाचेच्या शेपटीच्या. तुम्हाला दाखवल्या होत्या. आठवतंय?”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं. ते धावत खाटेकडे गेले. स्टेरॉइड कमी करून थांबवण्याची सोय झाली, त्या किड्याचं खरं औषध दुसऱ्या इस्पितळातून मागवून संध्याकाळी सुरू झालं. नळीतून प्राणवायू घेणाऱ्या माळ्यानं अळीबाईंना ओळखलं. हात उचलून नमस्कारासारखं काहीतरी केलं. त्यांना तिथे उभं राहवेना.

सहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता माळी गेला.

चौकशी बसली, पण यादीची नाही. समोर मोठे सर, प्रशासनाचे एक अधिकारी आणि खास बोलावलेले यादीवाले साहेब. टेबलावर एक कागद होता, त्याच्यावर एक ओळ होती.

“निष्कर्ष तुम्हीच भरलात?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो. दुसरं काही भरायला जागा नव्हती.”

“शेऱ्याचा रकाना होता,” यादीवाले साहेब म्हणाले. मग थोडं थांबून, “तो अंतर्गत वापरासाठी होता. तशी नोंद माहितीपुस्तिकेत आहे. पान सत्त्याऐंशी.”

“प्रशिक्षणात तुम्ही ‘तिथे लिहा हवं ते’ असं म्हणाला होतात. पान सत्त्याऐंशी म्हणाला नव्हतात.”

साहेब कागदपत्रं सारखी करू लागले. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा होता. अळीबाईंनी ते पाहिलं, पण कीव करायच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या.

“मुद्दा वेगळा आहे,” अधिकारी म्हणाले. “इतकी गंभीर गोष्ट होती तर तुम्ही स्वतः वर का गेला नाहीत? तीन तर मजले.”

मोठे सर खिडकीबाहेर बघू लागले. हा प्रश्न अळीबाईंना कुणी विचारायची गरज नव्हती. गेले नऊ दिवस भांडी घासताना, बसची वाट बघताना, दर वेळी त्या जिन्यापर्यंत जात होत्या आणि परत फिरत होत्या.

“गेले नाही,” त्या म्हणाल्या. “ती माझी चूक. लिहा तसं. पण तिच्याखाली पुढचंही लिहा. तीनशे बारा नोंदी होत्या, त्यातली एक नोंद या माणसाचा जीव वाचवायला पुरेशी होती, आणि ती तुम्ही पुनरुक्ती म्हणून काढून टाकलीत. अंडं, अळी आणि किडा ही एकाच गोष्टीची तीन नावं नव्हेत. तीन वेगळ्या बातम्या आहेत. एक सांगते गोळी द्या. एक सांगते सावध राहा. एक सांगते वेळ संपत आलीय. तुम्ही तिन्ही पत्रं एका पाकिटात घातलीत आणि वर लिहिलंत, पत्र आलंय. आणि फोन करायची बंदीही तुमचीच. सांगायचं दार बंद केलंत, लिहायची जागा काढून घेतलीत, आणि आता विचारताय, जिना का चढला नाहीत.”

“भावनेच्या भरात बोलू नका,” अधिकारी म्हणाले.

“भावनेनं नाही. शेपटीची खाच बघून बोलतेय.”

आठवड्यानं मेमो आला. ‘अत्यावश्यक निष्कर्ष संबंधितांपर्यंत पोहोचविण्यात कर्मचाऱ्याने हलगर्जीपणा केल्याचे कर्मचाऱ्याने मान्य केले आहे.’ बाकी मजकूर तारखांचा आणि नियमांच्या आकड्यांचा. यादीबद्दल अक्षर नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं मेमो दिव्याखाली धरून वाचला. सवयीनं पेन्सिल उचलली.

“सहा चुका आहेत,” तो म्हणाला. “दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या, एक विरामचिन्हाची, दोन वाक्यरचनेच्या.”

“आणि सहावी?”

“अर्धा मजकूर गाळलाय. छापखान्यात आम्ही अशा वेळी समासात खूण करायचो, मूळ प्रत पाहा.” त्यानं पेन्सिल ठेवली. नेहमीची थट्टा त्याच्या तोंडावर नव्हती. “तू सही करू नकोस.”

“सही करणार. चूक झालीच आहे. पण असं सोडणार नाही.”

त्यांनी मेमोच्या तळाशी लिहिलं, ‘मी सांगितलेल्यापैकी अर्धेच येथे लिहिले आहे. उरलेले सोबत जोडले आहे.’ आणि खाली सही केली. सोबत जोडलेली पानं चौदा झाली. तीन रविवार लागले. कुठला परजीवी, त्याच्या कुठल्या अवस्था, कुठली अवस्था कुठल्या नमुन्यात दिसली तर काय समजायचं, आणि ते वॉर्डाला कळलं नाही तर कुणाचं काय होईल. हिवतापाच्या जीवाचे रक्तात दिसणारे आकार, चंद्रकोरी वेगळ्या आणि अंगठ्या वेगळ्या. नुसत्या चंद्रकोरी उरल्या असतील तर औषध लागू पडलेल्या माणसाला पुन्हा तेच औषध पाजू नका. आमांशाच्या जीवाची पुटी, म्हणजे कवचात निजलेली अवस्था, वेगळी आणि रक्तपेशी गिळलेला जिवंत जीव वेगळा. चित्रं त्यांनी हातानं काढली. नवऱ्यानं शुद्धलेखन तपासलं. एकदा त्यानं विचारलं, “इतकं वाचेल का कुणी?”

“नाही वाचलं तर पुन्हा पाठवीन.”

चार वेळा पाठवावं लागलं. पहिल्याला पोच आली. दुसऱ्याला ‘पुढील आवृत्तीत विचार करण्यात येईल’ असं उत्तर आलं. तिसऱ्याला काहीच नाही. चौथी प्रत घेऊन मोठे सर स्वतः मुख्य कार्यालयात गेले. चौकशीत खिडकीबाहेर पाहिल्याचं बहुधा त्यांनाही डाचत होतं. आठव्या महिन्यात यादी बदलली. चौदा पानांपैकी पाऊण पान मान्य झालं. त्या एका किड्याच्या अळीला तिची नोंद परत मिळाली, आणि शेरा वॉर्डात दिसू लागला. बाकी सगळं अजून ‘विचाराधीन’. मधल्या काळात अळीबाई परिपत्रक न जुमानता गंभीर रिपोर्ट घेऊन जिना चढत होत्या. कुणी दुसरा मेमो दिला नाही. देऊन बघायची कुणाची छाती झाली नाही, असं सिस्टर म्हणायच्या.

माळ्याची मुलगी आली ती त्यानंतर. तिशीची, शाळेत प्रयोगशाळा-सहायक. खिडकीशी आली आणि तिनं वडिलांचं नाव सांगितलं. अळीबाईंनी दार उघडून तिला आत घेतलं.

“मला कुणाशी भांडायचं नाही,” ती म्हणाली. “फक्त विचारायचंय. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय, जंतांचा प्रादुर्भाव. आमच्याकडे लोक विचारतात, जंतांनी कुठे माणूस मरतो का. लहान मुलांना होतात जंत. काही जणांना वाटतं, आम्ही त्यांना नीट ठेवलं नाही. मीही तेच समजत होते.”

“तसं नाही.”

“मग काय होतं?”

अळीबाईंनी सांगितलं. मातीपासून छातीपर्यंत, काही न गाळता. पहिला नमुना, शेरा, फोन. जिन्यापर्यंत जाऊन परत फिरल्याचंही सांगितलं. शेवटी मुलगी म्हणाली, “जंत म्हटल्यावर बाबा काही बोलले नाहीत. लाजले असतील. अळी आहे असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी लगेच विचारलं असतं, कशाची. आयुष्य गेलं त्यांचं अळ्या ओळखण्यात. अंडी दिसली तर पान खुडायचे, अळी दिसली तर औषध मारायचे. तुम्हाला त्यांना समजावून सांगावं लागलं नसतं.”

अळीबाईंनी टेबलावरच्या डब्या बाजूला सरकवल्या.

“ती अळी आहे का अजून? बघता येईल?”

रुग्णाच्या नातेवाइकांना नमुने दाखवायचे नाहीत, असा नियम होता. अळीबाईंनी कपाटातून लाकडी पेटी काढली, त्यातली एक रंगवलेली काचपट्टी भिंगाखाली बसवली, दिवा लावला, आपलं स्टूल तिच्यासाठी सरकवलं. मुलीनं पदराचं टोक खांद्यावर घट्ट केलं आणि डोळा लावला. तिचा हात सरावानं बाजूच्या चाकावर गेला. तिनं चित्र स्पष्ट करून घेतलं.

“ही बाबांची?”

“हो. थुंकीतली.”

“डोकं कुठलं?”

“वरचं टोक. तिथून खाली ये. खाली शेपटी. तिच्या टोकाला बघ.”

बाहेर खिडकीशी कुणीतरी डबी ठेवून काच वाजवली. अळीबाईंनी हातानंच थांबायची खूण केली.

“खाच आहे,” मुलगी म्हणाली.

“तिच्यावरूनच ओळखायची.”

मुलीनं चाक आणखी थोडं फिरवलं. भिंगावरून डोळा न काढता मग ती हळूच म्हणाली, “इतकं स्पष्ट दिसतं.”